प्रदर्शन पाहताना पाय इतके का दुखतात?

मॉलमध्ये तीन तास सहज फिरणारी माणसे संग्रहालयात तासाभरातच बाक शोधू लागतात. खरे तर तिथे फारसे चालणे झालेले नसते. मोबाइलने मोजलेली पावले पाहिली, तर रोजच्या बाजारहाटाएवढीही भरत नाहीत. तरी कंबर धरते, तळपाय ठणकतात, डोके जड होते आणि पुढचे दालन दिसले की ‘अजून आहे का?’ असे मनात येते. आपल्याला चित्रांतले काही कळत नाही म्हणून कंटाळा आला, अशी समजूत करून घेऊन बरेच जण पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. घरातली वडील मंडळी तर जाण्याआधीच ‘तुम्ही जाऊन या, मी बाहेर बसते’ म्हणून मोकळी होतात. या थकव्याला शास्त्रात नाव आहे आणि शंभर वर्षांपासून त्याचा अभ्यास चालू आहे. एखाद्या गाजलेल्या प्रदर्शनाला जायचे ठरवताना तिकीट आणि गाडीइतकाच त्याचाही विचार करायला हवा.

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘म्युझियम फटीग’ म्हणजे संग्रहालयातला थकवा या विषयावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तूंबद्दल साधे प्रश्न दिले आणि उत्तरे शोधताना त्याची छायाचित्रे काढली. कुठे तो कमरेत वाकलेला दिसतो, कुठे गुडघे दुमडून जमिनीलगत बसलेला, कुठे मान ताणून वरची पाटी वाचणारा. गिलमन यांनी दोष पाहणाऱ्याला दिला नाही, मांडणीला दिला. काचेची कपाटे फार खाली, फार वर किंवा फार खोल असतात, ही त्यांची तक्रार होती. आज आपल्याकडच्या कित्येक दालनांत फिरताना ती जुनी वाटत नाही.

आता शरीरात काय होते ते पाहू. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गुरुत्वाकर्षणामुळे पोट आणि पायांकडे उतरते. ते पुन्हा हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. झपझप चालताना प्रत्येक पावलाला पोटरी आवळली जाते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर चढते. प्रदर्शनात मात्र आपण चालतही नाही आणि बसतही नाही. दोन पावले टाकायची, थांबायचे, पुन्हा दोन पावले. पोटरीचा पंप जवळजवळ बंद आणि सगळा भार त्याच त्या स्नायूंवर आणि टाचांवर. त्यात दगडी किंवा फरशीची कडक जमीन. अशा वेळी किलोमीटरभर सलग चालणे शरीराला सोपे जाते.

बहुतेकांना यातून पायदुखीपलीकडे काही होत नाही. पण रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणारे, गरोदर स्त्रिया, सकाळपासून पाणी न प्यायलेले आणि उन्हातून येऊन गर्दीत उभे राहिलेले लोक यांना चक्कर येऊ शकते. तिची चाहूल आधी लागते. घाम फुटतो, जांभया येतात, कानात गुणगुणते, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या क्षणी लाजू नये, सरळ जमिनीवर बसावे. बसायला जागाच नसेल तर पायांची अढी घालून मांड्या आवळून धराव्यात, त्याने थोडा वेळ मिळतो. शेजारचे कोणी कोसळलेच तर त्याला उठवून बसवू नये आणि तोंडात पाणी ओतू नये. आडवे ठेवून पाय उचलून धरावेत. एखाद्या मिनिटात शुद्ध आली नाही किंवा छातीत दुखत असल्याचे सांगितले, तर तो साधा भोवळीचा प्रकार मानू नये आणि १०८ ला फोन करावा. आणखी एक गोष्ट म्हणजे, प्रवासाला निघायचे म्हणून सकाळची रक्तदाबाची गोळी चुकवणे किंवा सारखे स्वच्छतागृह शोधावे लागेल म्हणून पाणीच न पिणे, हे दोन्ही घरगुती उपाय महागात पडतात. स्वच्छतागृह कुठे आहे हे आत शिरतानाच विचारून घेणे जास्त सोपे.

पायांइतकाच दमतो तो मेंदू. येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन यांनी १९२८ मध्ये संग्रहालयात येणाऱ्या लोकांच्या वागण्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काही लोकांना प्रयोगशाळेत बसवून चित्रांच्या प्रती दाखवल्या. एक पाऊलही न चालता तिथेही उत्सुकता हळूहळू उतरत गेली. एकापाठोपाठ एक सारख्या जातीच्या वस्तू पाहिल्या की लक्षाची धार बोथट होते. पाचवे पंचपक्वान्न समोर आल्यावर जे होते तेच. पुढे १९८५ मध्ये फ्लोरिडातील निसर्गेतिहास संग्रहालयात झालेल्या अभ्यासात दिसले, की लोक पहिला अर्धा तास मन लावून पाहतात, पाट्या वाचतात आणि त्यानंतर त्यांची चाल बदलते. मग ते दालनातून नुसते वाहत जातात. एखादी वस्तू डोळ्यांत भरली तरच थबकतात.

एका चित्रासमोर माणूस किती वेळ थांबतो, याचे मोजमापही झाले आहे. जेफ्री आणि लिसा स्मिथ या संशोधक दाम्पत्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जगप्रसिद्ध चित्रांसमोर थांबणाऱ्यांचा वेळ मोजला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी आली सुमारे २७ सेकंद. आणि मधला आकडा, म्हणजे निम्मे लोक ज्याहून कमी वेळ थांबले तो, होता फक्त १७ सेकंद. यात पाटी वाचण्याचा वेळही आला. हे ऐकून अनेक कलाप्रेमी हळहळतात. मला मात्र यात हळहळण्यासारखे काही दिसत नाही, कारण साधे गणित करून पाहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तू संग्रहालयात ११ नोव्हेंबर २०१७ ते १८ फेब्रुवारी २०१८ या काळात ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे गाजलेले प्रदर्शन भरले होते. ब्रिटिश म्युझियम आणि भारतातल्या अनेक संग्रहालयांतून आलेल्या दोनशेहून अधिक वस्तू त्यात होत्या. प्रत्येकीला २७ सेकंद दिले तरी २०० वस्तूंना दीड तास होतो. गर्दीत वाट पाहणे आणि चालणे धरून अडीच तास. मन लावून पाहण्याची आपली क्षमता मात्र पाऊण तासाची. तेव्हा सगळे पाहायचे, हा बेतच मुळात शरीराला न झेपणारा आहे.

काही संग्रहालये हे गणित स्वतःच बदलतात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये १० फेब्रुवारी ते ४ जून २०२३ या काळात सतराव्या शतकातला डच चित्रकार योहान्स व्हर्मीर याच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. त्याची आज ज्ञात असलेली चित्रे जेमतेम ३७. त्यातली २८ एका छताखाली आली होती. एवढी यापूर्वी कधीच एकत्र आली नव्हती. उद्घाटनानंतर काही दिवसांतच सगळ्या कालावधीची तिकिटे संपली. शेवटी साडेसहा लाख लोक ते पाहून गेले. ही चित्रे आकाराने लहान आहेत. दूध ओतणाऱ्या मोलकरणीचे जगप्रसिद्ध चित्र अर्धा मीटरही उंच नाही. तरी संग्रहालयाने २८ चित्रांना तब्बल दहा दालने दिली आणि एका वेळी आत सोडायच्या माणसांवर मर्यादा घातली. कमी वस्तू, मोकळी भिंत, वेळ ठरवून दिलेले तिकीट. थकव्याच्या दृष्टीने याहून चांगली मांडणी सांगता येणार नाही.

त्याच प्रदर्शनात एक गंमतही होती. व्हर्मीरचे सर्वांत लोकप्रिय चित्र म्हणजे मोत्याचा डूल घातलेली मुलगी. ते मार्चअखेरीसच हेग शहरातल्या आपल्या मूळ संग्रहालयात परत गेले. एप्रिल किंवा मे महिन्याचे तिकीट काढलेल्यांना ते ॲमस्टरडॅममध्ये दिसलेच नाही. उसन्या आणलेल्या वस्तूंचे असे होते. नाजूक वस्त्रे आणि कागदावरची चित्रे तर अनेकदा प्रदर्शनाच्या मध्यावरच बदलतात, कारण त्यांना सलग प्रकाशात ठेवता येत नाही. जे पाहण्यासाठी एवढा खटाटोप करायचा ते त्या दिवशी तिथे आहे ना, हे आधी संकेतस्थळावर किंवा फोनवर विचारावे. साप्ताहिक सुटीही पाहून घ्यावी. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते, पॅरिसचे लूव्र मंगळवारी.

दिवस आणि वेळ कोणती निवडावी? प्रदर्शनाचा पहिला आणि शेवटचा आठवडा टाळावा. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्याही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत कामाच्या दिवशी सकाळी शाळांच्या सहली येतात. ती मुले पाहून आनंद होतो, पण त्यांच्या रांगेमागे अडकले की अर्धा तास गेलाच. त्या महिन्यांत दुपारनंतरची वेळ बरी. एरवी दार उघडताच आत शिरणे सर्वांत चांगले, कारण पाय आणि लक्ष दोन्ही ताजे असतात. म्हणूनच मुंबईदर्शनाची आपली नेहमीची पद्धत मला पटत नाही. पुण्याहून किंवा नाशिकहून सकाळच्या गाडीने उतरायचे, गेटवे पाहायचे, लाँचने घारापुरीला जाऊन सुमारे १२० पायऱ्या चढायच्या-उतरायच्या आणि उरलेल्या दोन तासांत संग्रहालय ‘उरकायचे’. त्या दोन तासांत पाहणाऱ्याकडे काहीच उरलेले नसते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करायच्याच असतील, तर संग्रहालय आधी.

आत गेल्यावर सगळ्यात मोठी कोंडी पहिल्याच दालनात असते, कारण प्रास्ताविकाचा लांबलचक फलक प्रत्येक जण तिथे उभा राहून वाचतो. तो मजकूर बहुधा संकेतस्थळावर असतो, तो घरी चहा पिताना वाचावा. रॉबिन्सन यांचे सहकारी आर्थर मेल्टन यांना १९३०च्या दशकातल्या निरीक्षणांत असे दिसले, की दालनात शिरणारे बहुतेक लोक उजवीकडे वळतात आणि बाहेरचे दार दिसले की त्याकडे ओढले जातात. पुढची भिंत न पाहताच. हे ठाऊक असेल तर डावीकडून सुरुवात करता येते. मार्ग एकेरी नसेल तर मला आवडणारी रीत अशी आहे. पहिली पंधरा मिनिटे काहीही न वाचता सगळी दालने एका चालीत फिरून यावीत. मग बाकावर बसावे आणि पुन्हा पाहाव्याशा वाटणाऱ्या पाच-सहा वस्तू ठरवाव्यात. ज्या आठवतात त्याच निवडाव्यात. नंतर प्रत्येकीसमोर पाच मिनिटे घालवली तरी अर्ध्या तासाचे काम.

डोळ्यांचा प्रश्न वेगळा. लघुचित्रे, जलरंग, हस्तलिखिते, पैठणीसारखी वस्त्रे यांच्यावर साधारण ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवण्याचा संग्रहालयांचा प्रघात आहे. कार्यालयात ३०० ते ५०० लक्स असतो आणि बाहेर भर दुपारी एक लाखाच्या आसपास. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही आणि हे नुकसान साठत जाते, म्हणून हा अंधूकपणा. उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना तो अंधारच वाटतो. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण दृष्टिपटल सरावायला दहा मिनिटे तरी लागतात. वयाचाही भाग आहे. साठीत बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि नेत्रभिंग पिवळसर झालेले असते. त्यामुळे साठीच्या डोळ्यात विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाशच दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. नातवाला स्वच्छ दिसणारी पाटी आजोबांना दिसत नाही ती यामुळे, दर वेळी चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे नव्हे. मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर काचेवरची दिव्यांची तिरीप आणखी त्रास देते. एक पाऊल बाजूला सरकून पाहिले तर ती बरीच कमी होते.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या चष्म्याच्या काचा आत आल्यावरही काही मिनिटे काळ्याच राहतात. जवळ असेल तर साधा चष्मा लावावा. दूर-जवळ एकत्र असलेला चष्मा वापरणाऱ्यांना भिंतीवरची पाटी वाचताना हनुवटी वर करावी लागते. तासभर तसे केले की मान आखडते आणि त्याच भिंगाच्या खालच्या भागातून पायरी पाहिली की अंदाज चुकतो. अंधूक दालनातली एकच पायरी ही ज्येष्ठांसाठी प्रदर्शनातली सर्वांत धोक्याची जागा. तिथे हात धरावा.

आता पिशवीकडे वळू. बहुतेक मोठ्या संग्रहालयांत पाठीवरच्या आणि मोठ्या पिशव्या बाहेर ठेवून घेतात. त्या पिशवीबरोबर पाण्याची बाटली, दम्याचा पंप, साखरेच्या गोळ्या आणि जिभेखाली ठेवायची गोळीही बाहेर राहते, हे टोकन हातात आल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही. या चार गोष्टींपैकी आपल्याला लागणारी जी असेल ती आधीच खिशात किंवा छोट्या पर्समध्ये काढून ठेवावी. दालनात खाण्यापिण्याला मनाई असते आणि ती योग्यच आहे. सांडलेल्या कणांवर किडे येतात आणि ते पुढे लाकूड, कापड, कागद खातात. पण इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी आत जाऊ नये. हात थरथरू लागले, घाम आला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर तिथल्या रक्षकाला स्पष्ट सांगून दालनाबाहेर यावे, १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. एकट्याने स्वच्छतागृहाकडे जाऊ नये. अंगावर घ्यायला एखादी शालही असावी, वातानुकूलित दालनांतला गारवा वस्तूंच्या सोयीचा असतो.

घरातल्या आजी-आजोबांना, गुडघे दुखणाऱ्या मावशीला किंवा लहान बाळाच्या आईला बरोबर न्यायचे असेल, तर बेत त्यांच्या चालीने आखावा. तरुणांना हे सुरुवातीला जड जाते, पण वर सांगितलेला पाऊण तासाचा हिशेब त्यांनाही लागू आहे. चाकांची खुर्ची मिळते का, उद्वाहन कुठल्या मजल्यापर्यंत जाते, मध्ये बाहेर पडून त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येते का, हे तीन प्रश्न फोनवर विचारावेत. चाकांच्या खुर्चीत बसायला आपल्याकडे संकोच वाटतो. ‘मला काय झालंय?’ असे ऐकू येते. पण चालता येणाऱ्यांनीही ती संग्रहालयात वापरायला हरकत नाही, कारण त्रास चालण्याचा नसून उभे राहण्याचा आहे. सांध्यांना आणि सुजणाऱ्या पायांना त्याने खूप आराम मिळतो. लहान मुलांना अधूनमधून उचलून घ्यावे. कपाटाच्या कडेखाली त्यांना फक्त लाकूड दिसत असते.

फोटो काढावेत की नाही? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात नेऊन काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील त्यांना कमी आठवले. मात्र ज्या वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपला होता, तिची आठवण शाबूत होती. मूर्तीच्या बोटातल्या अंगठीचा फोटो घ्यायचा, तर आधी ती अंगठी दिसावी लागते.

एवढा खटाटोप करून आरोग्याला काही लाभ होतो का, असेही विचारले जाते. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांचा १४ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. दर काही महिन्यांनी संग्रहालय, नाटक, मैफल अशा ठिकाणी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी होते. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांमध्ये १४ टक्क्यांनी. संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, आजार यांचा फरक वजा करून हे आकडे काढले. तरी जे धडधाकट असतात तेच बाहेर पडतात, ही शंका अशा अभ्यासात पूर्ण फिटत नाही. चित्र पाहून आयुष्य वाढते, असे कोणी सांगितले तर लगेच विश्वास ठेवू नये. घराबाहेर पडणे, चार माणसांत मिसळणे आणि डोक्याला नवे खाद्य मिळणे या तिन्ही गोष्टी उतारवयात दुर्मीळ होत जातात आणि इथे त्या एकत्र मिळतात, एवढे मात्र खरे.

योगायोग असा, की मुंबईच्या वास्तू संग्रहालयाची घुमटाची इमारत १९२२ मध्ये लोकांसाठी खुली होण्याआधी पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली होती. याच संग्रहालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेले प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन ऑक्टोबर २०२४ पर्यंत म्हणजे दहा महिने चालले. इतका अवधी असेल तेव्हा एकाच दिवशी सगळे पाहण्याऐवजी दोन खेपा कराव्यात, अर्धे आज आणि अर्धे महिन्याभराने. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांना हे सहज जमते. बाहेरगावच्यांनी किमान मध्ये तासाभराची जेवणाची सुटी घ्यावी आणि त्या वेळात चपला काढून पाय खुर्चीवर ठेवावेत. परतीच्या प्रवासात दोन्ही पाऊले थोडी सुजली तर रात्री पाय उशीवर ठेवून झोपल्यावर सूज उतरते. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दाबल्यावर दुखू लागली, तर मालीश करत बसू नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.